काळी तीनचे शाहीर

दुकानातल्या वीतभर आरशापुढे उभा राहून भीमराज नुसते ओठ हलवत होता. काउंटरवरच्या टेपमध्ये त्याचीच कॅसेट चालू होती. टेपमधला भीमराज जोरात गात होता आणि आरशातला भीमराज त्याला गाठायला धडपडत होता. दुसऱ्या कडव्यात एक लांबलचक ओळ होती. टेपमधल्या भीमराजने ती एका दमात ओढून नेली. आरशातल्याचं तोंड मात्र मध्येच श्वास घ्यायला थांबलं, आणि आवाज पुढे निघून गेला.

"हात्तिच्या!" तो म्हणाला आणि कॅसेट मागे फिरवली.

वारंगा फाट्यावर दुपारची रहदारी होती. नांदेडकडून येणारे ट्रक फाट्याच्या धाब्यांवर थांबत होते. पूर्वी हेच ड्रायव्हर जेवण झालं, की दात कोरत भीमराजच्या दुकानाशी यायचे आणि दोन-तीन कॅसेटी घेऊन जायचे. आता कुणी आलाच तर बाहेरूनच विचारायचा, "सीडी हाये का?" आणि नाही म्हटलं की पुढं चालू लागायचा. म्हणून आरशापुढे चाललेला हा तमाशा बघायलाही कुणी नव्हतं. भीमराजला ते बरंच वाटलं.

हे तोंड हलवण्याचं खूळ सकाळी रत्नपालने त्याच्या डोक्यात घातलं होतं.

रत्नपाल जीपमधून उतरला तेव्हा भीमराजने त्याला आधी ओळखलंच नाही. पांढरा कडक शर्ट, हातात मोबाइल, आणि पोटही थोडं आलेलं. नामांतराच्या दिवसांत हाच पोरगा त्याच्या मागे कोरसला उभा राहायचा. दोघं एकदा बरोबर पकडलेही गेले होते, आणि कोठडीत रत्नपालने रात्रभर भीमराजच्या मांडीवर डोकं ठेवून झोप काढली होती. आता तो विधानसभेच्या एका उमेदवाराचं काम बघत होता.

"जय भीम, शाहीर. रविवारी हिंगोलीत भाऊसायबांची सभा हाये. तुमचं गाणं पायजे."

भीमराजला हे ऐकून इतका आनंद झाला की तो लपवायला तो उगाच काउंटर पुसायला लागला. एप्रिलातल्या जयंतीनंतर त्याला कुणी बोलावलं नव्हतं.

"सोनाजीभाऊला आजच निरोप धाडतो. ढोलकवाल्यालाबी..."

"पेटी-ढोलक कशाला, शाहीर? मोठा साउंड लावून राहिलो आमी. तुमची चौऱ्याण्णवची कॅसेट लावतो. तुमी फकस्त माईकपुढं उभं राहून तोंड हलवायचं. लोकायला तुमी दिसले म्हंजे झालं."

"अन् गायचं कुनी?"

"तुमीच गायलेलं हाये ना ते! गळ्याला तकलीफ न्हाई."

"माझ्या गळ्याला काय झालं?"

रत्नपाल मोबाइलकडे बघायला लागला. "काई न्हाई झालं. पन चौऱ्याण्णवचा आवाज तो चौऱ्याण्णवचाच असतो."

ताडकन नाही म्हणायला हवं होतं. निवडणुकांचा अनुभव भीमराजला काही कमी नव्हता. त्याच्या डोळ्यांदेखत पक्षाचे दोन तुकडे झाले, दोनाचे चार झाले, आणि प्रत्येक तुकडा गाण्यासाठी त्याच्याच दारात आला. तो सगळ्यांकडे गायला. गाणं बाबासाहेबांचं आहे, उमेदवाराचं नाही, एवढी एकच गोष्ट तो मनाशी धरून होता. एकदाच तो घसरला आणि शेवटच्या कडव्यात उमेदवाराचं नाव घातलं. त्या खेपेला पद्माबाईने, त्याच्या बायकोने, आठवडाभर त्याच्याशी शब्द काढला नव्हता. उमेदवार पडला तेव्हा म्हणाली, "बरं झालं."

पण आज ताडकन काही तोंडातून निघेना. मैदान डोळ्यांपुढे आलं. हजारो माणसं, समोर लेकरं घेऊन बसलेल्या बाया, आणि आपण माईकपुढे उभे. पद्माबाई जाऊन चार वर्षं झाली होती. मुलगी आकांक्षा औरंगाबादला दिली होती. रविवारी शेजारच्या एसटीडीवर तिचा फोन यायचा आणि प्रत्येक वेळी ती म्हणायची, बाबा, इकडं या. तो म्हणायचा, कार्यक्रम हायेत गं. ते कार्यक्रमही आता असे नाव घेण्यापुरतेच उरले होते. माणूस इतका एकटा पडला की मैदानभर लोकांनी नुसतं आपल्याकडे बघावं, एवढ्यासाठीही तो बरंच काही कबूल करायला तयार होतो.

"बघतो," तो म्हणाला होता. आणि रत्नपालची जीप वळायच्या आत त्याने खिळ्यावरचा आरसा काढून काउंटरच्या समोर टांगला होता.

आता तिसऱ्यांदा गाणं सुरू झालं. 'उजेड मागाया आलो नाही, दिवा घेऊन आलो.' या एका ओळीवर त्याने उभं आयुष्य काढलं होतं. ओठ हलवता हलवता त्याला राहवेना. गवयाने तोंड उघडायचं आणि आवाज काढायचा नाही, हे जेवणाच्या ताटावर बसून नुसता हात हलवण्यासारखं होतं. अंतऱ्याच्या चढावर त्याने सरळ गळा लावला.

गळा चिरकला. टेपमधला सूर कुठल्या कुठे वर होता आणि त्याचा आवाज खालीच चाचपडत राहिला. त्याने घसा खाकरला, पाणी पिऊन आला, पुन्हा लावला. पुन्हा तेच.

भीमराज क्षणभर टेपकडे बघत राहिला. मग त्याच्या चेहऱ्यावर एकदम सुटका झाल्यासारखं हसू आलं.

"टेप पळून राहिला," तो मोठ्याने म्हणाला.

टेप पळतो, हे काही तो मनाचं सांगत नव्हता. मोटार बिघडली की टेप जोरात फिरतो, आणि जोरात फिरला की आवाज चढतो. कॅसेटवाल्याला हे शिकवावं लागत नाही. खात्री करायला त्याने वरच्या फळीकडे हात नेला. त्या फळीवरच्या कॅसेटी विकायच्या नव्हत्या. एक परभणीच्या एका कव्वालाची होती. तो अंतऱ्याआधी असा खोल श्वास घ्यायचा की ऐकणाऱ्याचीही छाती भरून यावी. भीमराज त्या श्वासासाठीच ती लावायचा. एक अकोल्याकडच्या बाईची होती, तिच्यात शेवटच्या गाण्यात मागे कुणाचं तरी लेकरू रडताना ऐकू येतं आणि बाई गाणं न सोडता ओळ जराशी मऊ करते. कंपनीने तसंच ठेवलं होतं, आणि त्या कंपनीबद्दल भीमराजला फार आदर होता. एक तर त्याने स्वतःच भरलेली होती: पुसेगावच्या बाजूच्या तांड्यावर होळीला बायांनी म्हटलेली गाणी, त्यात रूपाबाई नावाच्या म्हातारीचा खरखरीत आवाज सगळ्यांच्या वर. पद्माबाई गेल्यावर संध्याकाळी दुकानाचं दार आतून ओढून घेऊन तो रूपाबाईला ऐकत बसायचा. शब्द अर्धे कळत नसत, पण कुणीतरी घरात भांडतंय असं वाटून बरं वाटायचं.

त्याने कव्वाल लावून बघितला, अकोल्याची बाई लावून बघितली, रूपाबाई लावून बघितली. तिघांचेही आवाज रोजच्या जागी होते. पळत होती ती फक्त त्याची स्वतःची कॅसेट. शहाण्या माणसाने इथंच काय ते समजून घेतलं असतं. भीमराजने मात्र टेपची तार उपटली, त्यात सेल घातले, आणि तेही जुने, टॉर्चमधून काढलेले, जवळजवळ मेलेले.

आता टेपमधला आवाज खाली आला. हळूहळू उतरत उतरत तो बरोबर भीमराजच्या गळ्याला येऊन भिडला. दोघं मिळून गायला लागले. पण ढोलक पाय ओढत चालल्यासारखी वाजत होती आणि टेपमधला भीमराज खाटेवरून उठवून आणलेल्या माणसासारखा गात होता. दोन ओळी झाल्यावर त्याने बटण दाबलं.

टेप काखोटीला मारून तो मोहनसिंगकडे गेला.

मोहनसिंगचं दुरुस्तीचं दुकान तीन दुकानं सोडून होतं. माणूस तांड्यावरचा, रेडिओ-टेपमध्ये हात मुरलेला, आणि बोलायला आवडणारा. गिऱ्हाईक नसलं की दोघं एकमेकांच्या दुकानात बसून राजकारण्यांना शिव्या देत. त्याने टेप खोलला, फुंकर मारली, पट्टा बदलला, हेड पुसलं, आणि भीमराजची कॅसेट लावली.

"बराबर हाये की, शाहीर."

"पळतोय. नीट ऐक."

मोहनसिंगने खोक्यातून एक कोरा टेप काढला, कालच नांदेडहून आलेला, अजून कागदही न काढलेला. त्यात तीच कॅसेट घातली. उजेड मागाया आलो नाही. भीमराजने हळूच, फक्त स्वतःपुरता, सूर लावून पाहिला. तो खालीच राहिला.

"हाबी पळतोय," तो म्हणाला, पण आता आवाजात जोर नव्हता.

मोहनसिंग त्याच्याकडे बघत होता. मग त्याने स्क्रू गोळा करायला सुरुवात केली आणि मान वर न करता म्हणाला, "कॅसेट जुनी हाये ना. फीत ताणली असंल. ताणली की आवाज चढतो."

फीत ताणली की आवाज रेंगाळतो आणि उतरतो, चढत नाही कधी. हे भीमराजला माहीत होतं, आणि टेप उघडून दुनियेच्या फिती गुंडाळणाऱ्या मोहनसिंगला तर पक्कं माहीत होतं. तो जाणूनबुजून उलटं बोलला होता. माणसं अशी उलटं कधी बोलतात, ते भीमराजला ठाऊक होतं. पद्माबाईच्या शेवटच्या दिवसांत तो स्वतः तिच्याशी असंच बोलायचा: आज तोंडावर तेज हाये तुझ्या.

"व्हय," तो म्हणाला. "ताणलीच असंल."

टेप उचलून तो दुकानात परत आला आणि काउंटरच्या आत बसून राहिला. बाहेर ट्रक येत होते, जात होते.

गळ्याचं दुखणं पद्माबाईच्या मागोमाग आलं होतं. आवाज बसला तो उठेचना, म्हणून तो नांदेडला गेला. कपाळावर आरसा बांधलेल्या डॉक्टरने जीभ फडक्यात धरून आत बघितलं आणि सांगितलं, स्वरयंत्रावर गाठी आहेत, साध्या आहेत, पण दोन महिने तोंडातून शब्द काढायचा नाही, आणि चढं गाणं आता विसरा. दोन महिने मुकं राहणं मुळीच अवघड गेलं नाही. घरात बोलायला होतंच कोण? पोळ्या करायच्या, खायच्या, हळद घालून दूध प्यायचं आणि पडून राहायचं. त्या दोन महिन्यांत त्याला एकदाही कुणी, काहून बोलत न्हाई, असं विचारलं नव्हतं.

मग पुसेगावचा कार्यक्रम आला. मंचावर चढल्यावर त्याने नेहमीसारखं मागे वळून सोनाजीला विचारलं होतं, "काळी तीन?"

हा त्याचा जुना रिवाज होता. पेटीवरच्या ज्या सुरापासून गवई गातो, ती त्याची पट्टी. आणि भीमराजची पट्टी काळी तीन, म्हणजे पुरुषाच्या गळ्याला चांगलीच वर. जिल्ह्यात त्या पट्टीत गाणारा दुसरा नव्हता. लोक त्याला काळी तीनचे शाहीर म्हणायचे. म्हणून सुरुवातीला माईकवर सगळ्यांना ऐकू जाईल असं तो विचारायचा, आणि त्याच्या मागे पेटीवर बसलेला सोनाजी मान हलवून म्हणायचा, "काळी तीन, शाहीर."

पुसेगावला सोनाजीने तसंच म्हटलं होतं. आणि भीमराजचा गळा असा मोकळा लागला होता की शेवटच्या अंतऱ्याला त्याचे स्वतःचेच डोळे भरून आले. त्या दिवसापासून तो भेटेल त्याला सांगायचा, डॉक्टर काय, कायबी सांगतात, वसमतची हळद घ्या. किती माणसांना त्याने हळद प्यायला लावली होती! नंतर दोनदा-तीनदा गळा पुन्हा जड झाला, पण पुढच्या कार्यक्रमाला सोनाजीबरोबर उभं राहिलं की सगळं सुरळीत. घरी पेटी नव्हती. त्याला ती वाजवता कधी आलीच नाही. सूर म्हणजे सोनाजी, हे तीस वर्षांचं गणित होतं.

"काळी तीन, शाहीर," भीमराज एकटाच म्हणाला. तोंडाने काळी तीन म्हणून सोनाजी पेटी खालच्याच पट्टीत धरत आला होता. भीमराजच्या कानशिलांतून वाफा निघायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो दुकान न उघडता सोनाजीच्या गावाला, कुरुंद्याला, जाणाऱ्या काळीपिवळी जीपमध्ये बसला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हळद कमरेएवढी वाढली होती. भीमराजचं तिकडे लक्ष नव्हतं. सोनाजीला काय काय बोलायचं, ते तो मनात जुळवत होता. थोरल्या भावासारखा मानला तुला. पद्माबाईच्या मातीला तूच पुढं होतास. अन् भर मंचावर, हजार माणसांदेखत, खोटं बोलत राहिलास? ढोलकवाल्यालाही माहीत असणार, कारण ढोलक पेटीवरच मिळवतात. कोरसवाल्या पोरांना माहीत असणार. म्हणजे आपण छाती काढून काळी तीन म्हणायचो तेव्हा मागची सगळी रांग हसत होती. रत्नपालपर्यंत ते हसू पोचलं, म्हणून तर तो कॅसेट लावायची म्हणत होता. ही शेवटची गोष्ट मनात आली तेव्हा त्याला शेजारच्या माणसाचा खांदा लागत होता तोही सहन होईना.

कुरुंद्यात उतरून तो बौद्धवाड्याच्या गल्लीत वळला, आणि पेटी ऐकू आली.

त्याचंच गाणं होतं. पण वाजत होतं भलतंच. ओळ नीट सुरू व्हायची, चढाला लागायची, आणि तिथे नको त्या सुरावर बोट पडायचं. पेटी थांबायची. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा तिथेच घोडं अडायचं. नवशिक्या पोराने वाजवावं तसं. सोनाजीने कुणाला तरी शिकवायला घेतलंय, असंच भीमराजला वाटलं.

ओट्यावर सोनाजीची बायको जनकाबाई मुगाच्या शेंगा सोलत बसली होती. त्याला बघून तिने डोईवरचा पदर सारखा केला.

"या भावजी, जय भीम. निरोप न्हाई, काई न्हाई. बसा. च्या टाकते."

"जय भीम, वहिनी. आत कोन हाये? पेटी कोन वाजवून राहिलं?"

"कोन वाजवंल? तेच हायेत की."

भीमराज उभाच राहिला. आत पेटी पुन्हा चढावर जाऊन अडखळली.

"सोनाजीभाऊ चुकून राहिले?"

"चुकतीलच की!" जनकाबाईने शेंगांची टरफलं बाजूला सारली. "तुमी सांगतलं ते बराबरच आसंल भावजी, मला गान्यातलं काय कळतंय? पन दरसाली पट्टी खाली घ्यायची म्हंजे साऱ्या गान्यायची बोटं पुन्हा बसवा. पुसेगावच्या टायमाला तर दोन महिने ह्योच धंदा होता. रानातून आले की पेटी. तवा बोटं तरी ऐकत होती. आता वात भरतो त्यायला, रात्रीला मला चोळून द्या म्हंतेत. म्या म्हनलं, शाहिराला सांगा की, हाये त्याच पट्टीत गा म्हनावं. तर माझ्याच अंगावर आले. म्हनले, शाहिराचा हुकूम हाये, तू मंधी बोलू नको."

"हुकूम," भीमराज म्हणाला.

"ढोलकवालाबी इचारत होता मागं, दादा, काहून उतरवून राहिले? त्यालाबी तेच सांगतलं ह्यायनी. शाहिराला आता गान्यात गोडवा पायजे, चढ नको. त्यायनीच सांगतलं तशी पट्टी धरायची." तिने हातातली शेंग सोलता सोलता थांबून विचारलं, "अन् औंदा पट्टी अजून एक घर खाली म्हने. एवढं काहून हो भावजी? तुमीच सांगतलं ना?"

जीपमध्ये जुळवलेलं सगळं भीमराजच्या तोंडात आलं होतं. ते तिथेच अडलं. तो ओट्याच्या कडेला टेकला. समोरच्या सुपात हिरवे मूग पडत होते, आणि त्याच्याने तिकडे बघवेना.

हसत कुणीच नव्हतं. ढोलकवाल्यालाही त्याच्या नावाचा हुकूम मिळाला होता. सोनाजीने मंचावर त्याला फसवलं आणि मंचाखाली सगळ्यांना फसवलं, घरच्या बायकोसकट. आणि या सगळ्याची किंमत म्हणून हा म्हातारा रानातून आल्यावर सुजलेल्या बोटांनी एकेक गाणं पुन्हा पहिल्यापासून शिकत बसला होता. दरसाली. भीमराजला सभा मिळो न मिळो.

"भावजी?"

"व्हय वहिनी," भीमराज म्हणाला. "म्याच सांगतलं."

"मंग झालं," जनकाबाई म्हणाली आणि चहा टाकायला उठली.

भीमराज चप्पल काढून आत गेला. खोलीत उजेड कमी होता. सोनाजी दाराकडे पाठ करून, जाड चष्मा लावून पेटीवर वाकला होता. त्याचा डावा हात भात्यावर होता आणि उजव्या हाताची बोटं एकेक करून, जपून, पट्ट्यांवर पडत होती. पावलांचा आवाज ऐकून त्याने मान वळवली.

भीमराजला बघताच त्याचा हात पेटीवरून सर्रकन वर सरकला. काळी तीनवर. तिथून त्याने ते गाणं असं फर्डं वाजवायला घेतलं, की मघाचं अडखळणं दुसऱ्याच कुणाचं असावं. तीस वर्षांची बोटं होती ती, त्या पट्टीत झोपेतही चुकली नसती.

"या शाहीर," वाजवता वाजवताच तो म्हणाला. "बोटं मोकळी करत होतो जरा. तुमी बी या की. काळी तीनच हाये."

भीमराज त्याच्यासमोर बसला. त्याने सोनाजीच्या हाताकडे बघितलं. बोटांचे सांधे सुपारीएवढे सुजले होते.

"रविवारी हिंगोलीत सभा हाये," तो म्हणाला. "रत्नपाल आला होता. कॅसेट लावतो म्हनला, मला नुसतं तोंड हलवायला सांगत होता."

सोनाजीची पेटी थांबली. "अन् तुमी काय म्हनले?"

"बघतो म्हनलो होतो. आता त्याला सांगतो, पेटी-ढोलक घेऊन येतो, न्हाई तर येत न्हाई." भीमराज पेटीजवळ सरकला. "भाऊ, ही पट्टी नको. मघा वाजवत होते ती धरा."

सोनाजीने चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, पुन्हा लावला. चष्म्यामागचे डोळे बराच वेळ पेटीवरच राहिले. बाहेरून चुलीचा धूर आत यायला लागला होता.

"लोक काय म्हंतील, शाहीर?"

"म्हनू द्या."

सोनाजीचा हात हळूहळू खाली आला, काळी तीनवरून बराच खाली, आणि त्याने सूर धरला. भीमराजने डोळे मिटले. मग तो गायला लागला, हलकेच, जोर न लावता. गळा कुठेही अडला नाही. चढाशी आल्यावर सोनाजीचं बोट चुकलं, सूर भलतीकडे गेला, आणि म्हातारा ओशाळून थांबला.

"अजून बसली न्हाई हातात," तो म्हणाला. "तुमाला दुकान उघडायचं आसंल. तुमी जा. म्या करतो रविवारपर्यंत."

"दुकान राहू द्या," भीमराज म्हणाला. "म्या हाये इथं सांजपर्यंत."

आणि त्याने सोनाजीसाठी ओळ पुन्हा पहिल्यापासून धरली, या खेपेला जरा संथ.